मुंबई ते लंडन : अंतर एक, वेळा दोन

जानेवारीत लंडनला निघण्यापूर्वी आईने दोनच प्रश्न विचारले : गाव किती लांब आणि पोचायला किती वेळ? अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी ९०० च्या आसपास, तेव्हा आठ तास, असा तोंडी हिशेब मी करून दिला. तिकिटावर मात्र जाताना पावणेदहा तास आणि येताना पावणेनऊ तास छापलेले होते. आईने चष्मा लावून तिकीट पाहिले आणि माझ्याकडे नुसते पाहिले.

हा तासाभराचा फरक वाऱ्याचा आहे. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, हिवाळ्यात तर त्यांचा जोर अधिकच वाढतो. समोरच्या पडद्यावर आमचा जमिनीसापेक्ष वेग बराच वेळ ताशी ७९० वरच घुटमळत होता. त्याच पडद्यावरचा मार्ग उत्तरेकडे फुगलेला दिसत होता. शेजारच्या गृहस्थांना तो वळसा वाटला, पण पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तोही असाच वर सरकतो आणि तीच खरी जवळची वाट असते. सपाट नकाशाने आपल्याला उगाच फसवून ठेवले आहे.

विमान दुपारी दोनला सुटले होते. मी मनगटावरचे घड्याळ बदलले नव्हते, त्यामुळे काळ्या समुद्राच्या परिसरात सूर्य मावळला तेव्हा त्यात सव्वाआठ वाजले होते. आम्ही पश्चिमेला पळत असल्याने संध्याकाळही आमच्याबरोबर लांबत गेली होती. खिडकीच्या कडेला केशरी रेघ कितीतरी वेळ तशीच टिकून होती. हीथ्रोजवळ आल्यावर उतरण्याची पाळी येईपर्यंत विमानाने अंधारात दोन घिरट्या घातल्या. तिथल्या घड्याळात सव्वासहा झाले होते, म्हणजे केवळ घड्याळे पाहणाऱ्याला प्रवास सव्वाचार तासांचा वाटावा. घरी तेव्हा पावणेबारा वाजले होते आणि आई जागीच होती.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनसाठी निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत १० जूनला पोचले. त्यापुढे माझ्या आखडलेल्या गुडघ्यांची तक्रार टिकणारी नव्हती.

परतताना तेच वारे पाठीशी होते आणि पडद्यावरचा आकडा १,०३० वर गेला. रात्री नऊला निघालेले विमान सकाळी सव्वाअकराऐवजी पाच मिनिटे कमी अकरालाच मुंबईत टेकले. वाचलेली ती वीस मिनिटे सामानाच्या पट्ट्यापाशी उभे राहण्यात गेली.