रोम: एका सकाळी तीन चर्च, पाच शतकांची मोझाइक

टर्मिनी स्टेशनजवळ मुक्काम असेल, तर रोममधली एक सकाळ एस्क्विलिन टेकडीच्या परिसरातल्या या तीन चर्चना द्या. तिन्ही एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर आहेत आणि प्रवेश मोफत आहे. मोझाइक, म्हणजे काच-दगडाचे रंगीत तुकडे जोडून केलेली चित्रं, उंचावर आहेत; म्हणून आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण आणि दिव्यासाठी युरोची सुटी नाणी मात्र हवीतच. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत.

सुरुवात व्हिया उर्बानावरच्या सांता पुदेन्झियानापासून. चर्च रस्त्याच्या पातळीखाली असल्याने पटकन दिसत नाही; पायऱ्या उतरून जायचं. वेदीमागच्या अर्धघुमटातलं मोझाइक इ.स. ४००च्या आसपासचं. सोनेरी वस्त्रातला येशू सिंहासनावर, भोवती शिष्य, सगळे रोमन सिनेटरांच्या थाटात. प्रकाशाचं वलय फक्त येशूच्या डोक्यामागे आहे, पेत्र-पौल या प्रमुखांनाही नाही. सोळाव्या शतकातल्या दुरुस्तीत कडा आणि तळ छाटले गेले, म्हणून बारांपैकी शिष्य दहाच उरले. उजवीकडचे चेहरे बरेचसे १९व्या शतकात नव्याने केलेले आहेत. वेळ डाव्या बाजूला द्या.

पुढचं सांता मारिया माज्जोरे. पोप फ्रान्सिस यांची समाधी २०२५पासून इथे असल्याने सुरक्षा तपासणीची रांग लांबू शकते. आत गेल्यावर बहुतेक जण वेदीमागचं झगमगतं मोझाइक बघून परततात, पण ते १३व्या शतकाच्या अखेरचं. जुनं काम त्याच्या पुढे, आपल्या बाजूला असलेल्या कमानीवर आणि खांबांच्या वर दोन्ही भिंतींवर आहे: पोप सिक्स्टस तिसरे (४३२–४४०) यांच्या काळातलं. भिंतींवरच्या, बायबलच्या जुन्या करारातली दृश्यं दाखवणाऱ्या मूळ ४२ चौकटींपैकी २७ शिल्लक आहेत. त्या इतक्या उंच आणि लहान आहेत की नुसत्या डोळ्यांना रंगांचे ठिपके दिसतात. फोनचा झूमही फारसा कामाचा नाही. कमानीवर हेरोद राजा शोधा. बाळांच्या कत्तलीचा हुकूम देणाऱ्या या माणसाच्या डोक्यामागेही वलय आहे! तेव्हा ते राजसत्तेचंही चिन्ह होतं.

शेवटी सांता प्रासेदे, पोप पास्काल पहिले (८१७–८२४) यांनी बांधलेलं. आत जायचं ते बाजूच्या गल्लीतल्या दारातून. इथे सिनेटरांचा थाट संपला; आकृती सपाट, ताठ, सोनेरी. खुद्द पास्काल यांचं वलय चौकोनी आहे, म्हणजे चित्र केलं तेव्हा ते हयात होते. आतल्याच संत झेनोच्या चिमुकल्या चॅपेलमध्ये (प्रार्थनेच्या खोलीत) त्यांच्या आईचं, थिओडोराचं, वलयही तसंच. तिथला दिवा नाणं टाकल्यावर लागतो आणि लवकर विझतो, म्हणून आधी आत उभं राहून मान वर करा आणि नाणं सोबत्याला टाकू द्या.

अडचण वेळेची. दोन्ही लहान चर्च दुपारी काही तास बंद असतात, माज्जोरे दिवसभर उघडं असतं. निघायला उशीर झाला, तर काळाचा क्रम सोडा आणि माज्जोरे शेवटी ठेवा. रविवारी सकाळी मिस्सा (सामूहिक उपासना) चालू असते, तेव्हा वेदीकडे जाता येत नाही. आठवड्यातला मधला वार बरा.