बीमखालची पट्टी आणि माझे एकोणीस दिवस

बुटीबोरीतल्या तीन मजली स्टील फ्रेमचं डिझाइन माझं होतं. पाया, कॉलम, बीम चढवणं, सगळं वेळेत झालं. अडकलो ते करंगळीएवढ्याही जाड नसलेल्या एका पट्टीपाशी.

बीमचा फ्लँज, म्हणजे वरची-खालची आडवी प्लेट, कॉलमला वेल्ड करताना वितळलेलं लोखंड खाली गळू नये म्हणून फटीखाली पट्टी लावतात. काम झालं की ती तिथेच राहते. मी ड्रॉइंगमध्ये 'खालच्या फ्लँजची पट्टी काढणे' असं लिहिलं होतं. वर्कऑर्डरमध्ये नव्हतं. तुम्ही वर्कऑर्डरमध्येच लिहा, दरासकट.

फॅब्रिकेटर म्हणाला, "काहून काढायची साहेब? नागपूर झोन दोनमधलं. इथं कोणता भूकंप येऊन राह्यला?"

मीही सोडून दिलं असतं, खोटं कशाला बोलू. पण ध्वनिलहरींनी वेल्ड तपासणारा अल्ट्रासोनिकवाला आला आणि प्रत्येक खालच्या फ्लँजपाशी स्क्रीनवर एक उंच टोक. पट्टीचा प्रतिध्वनी की मुळातली भेग, त्याला सांगता येईना. रिपोर्टवर शेरा: 'निष्कर्ष काढता येत नाही.' तपासणीच्या ऑफिसातून फाइल त्याच दिवशी परत. पुढची तारीख अकरा दिवसांनी, कारण मशीन एकच आणि माणूसही एकच!

तिथल्या इंजिनिअरनं एकच विचारलं, "आर किती घेतलाय?" आर म्हणजे हिशेबातलं भूकंपाचं बल ज्यानं भागायचं तो आकडा. माझा पाच. साध्या फ्रेमचा तीन, स्पेशलचा पाच. पाच घेतला की भूकंपाचं बल साध्या फ्रेमच्या साठ टक्क्यांवर येतं. मालक खूश, मीही खूश. पण स्टील बांधकामाचं मानक आयएस ८०० नुसार मग सांधा ०.०४ रेडियन फिरूनही ताकद टिकवणारा हवा. सूट घेतली होती मी, तेव्हा बोलणार काय!

१७ जानेवारी १९९४ ला लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भूकंपात शंभराहून जास्त स्टील इमारतींचे सांधे तडकले, बरेचसे खालच्या फ्लँजपाशीच. पट्टी आणि कॉलममध्ये न जुळलेली रेघ राहते, ती आयतीच भेग. त्यात बीमचा वेब, म्हणजे मधली उभी प्लेट, आड येतो, म्हणून वेल्डर ऐन मधोमध थांबून पलीकडून पुन्हा सुरू करतो. इमारती उभ्याच होत्या, त्यामुळे फॉल्स सीलिंग आणि फायरप्रूफिंग उकरेपर्यंत कित्येक ठिकाणी कळलंही नाही. (रंग आणि फायरप्रूफिंगच्या आधी टेस्ट करून घ्या, हे वर सांगायचं राहिलं.)

शेवटी मे महिन्याच्या उन्हात पट्ट्या गॉजिंग करून, म्हणजे धातू वितळवून कोरत, काढल्या, वेल्डचं मूळ खरवडून पुन्हा भरलं, खालून कोपऱ्यात फिलेट वेल्ड मारला. वरच्या फ्लँजच्या पट्ट्या ठेवल्या, फक्त कॉलमला वेल्डनं जोडून घेतल्या. तिसऱ्या जॉइंटला वेल्डरनं ग्राइंडर थांबवला आणि मला हाक मारली. चकचकीत लोखंडात बोटभर लांब काळी रेघ, अडकलेला स्लॅग, म्हणजे वेल्डची मळी, अगदी वेबखाली मधोमध. फॅब्रिकेटर वाकून बघत राहिला, म्हणाला, "हे तर दिसलंच नसतं बाप्पा."

रिपोर्ट नंतर साफ आला. दुसऱ्या फेरीच्या टेस्टिंगचं बिल मात्र अजून माझ्याच टेबलावर पडलंय.