‘विचारलं’ म्हणजे ‘हो’ म्हटलं का?

धडगाव तालुक्यातल्या एका गावात मी ग्रामसेवक होतो तेव्हाची गोष्ट. पाझर तलावासाठी चार जणांची शेतं जाणार होती. संबंधित खात्याचे साहेब ठराव टाइप करूनच घेऊन आले होते. तो प्रोसिडिंग बुकात उतरवून सह्या-अंगठे घ्यायचे, एवढंच माझं काम. शेवटची ओळ होती, ‘भूसंपादनाबाबत ग्रामसभेशी विचारविनिमय करण्यात आला.’

मी वाचलं, एका पोराने तिथल्या पावरी बोलीत सांगितलं. शाईचा पॅड फिरू लागला. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी अंगठा पॅडवर टेकवला आणि तसाच वर धरून विचारलं, “भाऊसाहेब, यात आम्ही हो म्हटलंय का नाही?”

मला उत्तर देता येईना. त्या ओळीत दोन्ही नव्हतं.

साहेब म्हणाले, पेसा कायद्यात एवढंच लागतं. तसं ते खरंच होतं. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतल्या, म्हणजे आदिवासी भागांसाठी संसदेने 1996 मध्ये मुद्दाम केलेला हा कायदा. त्याच्या कलम 4 मध्ये जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी विचारविनिमय करावा, इतकंच म्हटलंय. त्याच कलमात गौण खनिजाच्या खाणपट्ट्याला मात्र शिफारस सक्तीची. म्हणजे मुरमाच्या खाणीला शिफारस हवी आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या शेताला नुसतं विचारणं पुरे! आणि तो ‘किंवा’ मला आजही छळतो. गाव बाजूला ठेवून वरच्या पंचायतीला विचारलं, तरी कायदा पाळल्यासारखाच.

बाबा म्हणाले, “पेरणीला माझी बैलजोडी मागायला येतात, तेव्हा माझ्या ‘हो’ची वाट बघतात. विचारलं आणि नेली, असं कोणी करत नाही.”

2013 च्या भूसंपादन कायद्याची प्रत माझ्या पिशवीत होती. त्यातल्या कलम 41 मध्ये अशाच अनुसूचित क्षेत्रासाठी शब्द आहे ‘पूर्वसंमती’. ‘किंवा’ तिथेही आहेच, पण संमती म्हणजे संमती. मी ते कलम साहेबांपुढे धरलं. याआधी किती ठरावांत ‘विचारविनिमय’ लिहून मी मोकळा झालो होतो, ते आठवून हात जड झाला होता.

टाइप केलेला कागद परत दिला आणि बुकात लिहिलं, ‘ग्रामसभेने संमती दिलेली नाही. आखणी बदलून दाखवावी, त्यानंतर पुन्हा सभा घ्यावी.’ पोराने ते दोनदा सांगितलं. बाबांच्या अंगठ्यावरची शाई एव्हाना वाळली होती. त्यांनी पॅड पुन्हा जवळ ओढला.