चालू म्हणजे नक्की काय चालू?

घरातली लाईट, गेट, सायरन, मोटर फोनवरून चालवायची सोय आम्ही बसवून देतो. आमच्या दुकानात एक जुना फोन अजून जपून ठेवलाय. स्क्रीनला तडा गेलाय, चार्जरची पिन तिरकी धरावी लागते. त्यात अलार्म पॅनेलच्या एका कंपनीचं जुनं ॲप आहे. ते उघडलं की एकाखाली एक चार पट्ट्या दिसतात. आउटपुट १, आउटपुट २, आउटपुट ३, आउटपुट ४. प्रत्येकीपुढं तोच सरकवायचा स्विच. एक म्हणजे पोर्चमधली लाईट, दोन म्हणजे गेट, तीन म्हणजे सायरन, चार म्हणजे बोअरची मोटर. हे मला ठाऊक, कारण वायरिंग मी केलेलं. घरमालकाला ठाऊक, कारण त्यानं चिठ्ठी लिहून फ्रिजवर चिकटवलेली. त्याच्या आईला ठाऊक नव्हतं. माऊलीनं दिवेलागणीला पोर्चची लाईट लावायची म्हणून तिसरी पट्टी सरकवली आणि सांगलीच्या विश्रामबागेतली अख्खी गल्ली दारात गोळा झाली. नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात हा फोन देतो आणि म्हणतो, पोर्चची लाईट लावून दाखव.

धंद्याची सुरुवात मात्र घरापासून झाली नाही, शेतापासून झाली. वडिलांचं गणपती पेठेत मोटर रिवायंडिंगचं दुकान. मी आयटीआयचा वायरमन. २००८ च्या सुमारास आम्ही मोबाईल स्टार्टर बसवायला लागलो. शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला नदीकाठच्या मोटरीवर जायचं म्हणजे चिखल, अंधार, साप. त्यापेक्षा स्टार्टरशेजारी सिमकार्डाचा डबा बसवायचा, घरून फोन लावायचा, एक दाबलं की मोटर चालू, दोन दाबलं की बंद. डबा उलटा मेसेज पाठवायचा, 'मोटर चालू'. लोक खूश होते.

मग तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदारानं मला बांधावर उभं करून विचारलं, "तुझा डबा म्हणतोय चालू झाली. पाणी पडतंय का ते सांग की." मला उत्तर देता आलं नाही. डब्यातला रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा छोटा स्विच, ओढला गेला की डबा 'चालू' असा मेसेज टाकायचा. पण रिले ओढला गेला म्हणजे फक्त हुकूम सुटला. पुढं स्टार्टर ट्रिप झालेला असेल, एक फेज गेलेला असेल, पाइपाच्या तळाशी पाणी अडवून धरणारा फूटव्हॉल्व्ह गळून मोटर कोरडी फिरत असेल, तरी डब्याचं आपलं 'चालू'. त्यानंतर आम्ही मोटरच्या एका तारेवर करंट मोजणारी कॉइल बसवायला लागलो. पाणी उचलणारी मोटर जास्त करंट घेते, कोरडी फिरली की करंट पडतो. खर्च वाढला, पण मेसेज खरा झाला. मी आज फोनवरची बटणं ज्या हिशेबानं बनवतो, तो हिशेब त्या बांधावरचा आहे. तेव्हा ते कळलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

२०१३ नंतर घरांची कामं वाढली. आमच्या जिल्ह्यात एक गिऱ्हाईक असं आहे की ते दुसरीकडं क्वचित सापडेल. विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर पसरलीत. धंदा केरळात नाहीतर तमिळनाडूत, आणि गावाकडं दोन मजली बंगला. बंगल्यात म्हातारे आईवडील, नाहीतर नुसतं कुलूप. अशा माणसाला कॅमेरा पाहिजे, सायरन पाहिजे, आणि हजार किलोमीटरवरून गेट उघडता आलं पाहिजे, कारण गॅसची टाकी घेऊन माणूस दारात उभा असतो. त्या वेळी आम्ही कंपन्यांची पॅनेलं आणि त्यांचीच ॲपं लावून द्यायचो. ॲप कसं आहे, हा आपला विषयच नाही, असं माझं मत होतं. आपण पेचकस चालवायचा.

ते मत २०१९ च्या ऑगस्टमध्ये वाहून गेलं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गणपती पेठेतलं आमचं दुकान पाण्याखाली, माल माळ्यावर टाकलेला तोही भिजला. पण माझ्या डोक्यात राहिलंय ते दुसरंच. गावभाग या सांगलीच्या जुन्या वस्तीतलं एक कुटुंब मिरजेला पाहुण्यांकडं जाऊन राहिलेलं. तिसऱ्या दिवशी त्या दादांचा फोन आला, "अहो, ॲपवर तर सगळं हिरवं दिसतंय. सर्व दारं बंद, घर सुरक्षित. म्हणजे आमच्याकडं पाणी शिरलं नाही ना?" त्यांच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पॅनेल कधीच बुडालं होतं. ॲप बिचारं शेवटचा निरोप कवटाळून बसलेलं, आणि तो निरोप दोन दिवसांपूर्वीचा होता, हे स्क्रीनवर कुठंही लिहिलेलं नव्हतं. त्यांना खरं काय ते मला सांगावं लागलं.

पुढच्या वर्षी लॉकडाऊन लागला आणि माझी पुतणी पुण्याची नोकरी लॅपटॉपसकट घरी घेऊन आली. कंपनीचं काम संपलं की संध्याकाळी दुकानात येऊन बसायची. एकदा तिनं तो तडा गेलेला फोन बघितला. म्हणाली, "काका, यात तुमच्या वायरी दिसतायत. घर कुठं दिसतंय?" तिथून आमचं स्वतःचं ॲप सुरू झालं. बोर्ड मी बनवायचा, ईएसपी३२ ची चिप, रिले, बॅटरी. स्क्रीन तिनं.

तिनं पहिले दोन महिने प्रोग्रामची एक ओळ लिहिली नाही. कॅलेंडरची पाठकोरी पानं कापून बटणं केली, टेबलावर मांडली आणि येईल त्या गिऱ्हाइकाला विचारलं, गेट उघडा बघू. मला हा पोरखेळ वाटला होता. पण त्यातून एक कळलं की सगळ्या आउटपुटना एकच स्विच लावणं हीच मूळ चूक. लाईट लावली की लागून राहते, तिला स्विच शोभतो. गेटचं तसं नाही. गेटच्या मोटरला अर्ध्या सेकंदाचा झटका द्यायचा असतो. पहिल्या झटक्याला उघडतं, मधेच दुसरा दिला की थांबतं, तिसऱ्याला मागं येतं. तिथं सरकवायचा स्विच ठेवला तर स्विच 'चालू' दाखवतो आणि गेट अर्ध्यात उभं असतं. म्हणून गेटला बटण, आणि बटणाच्या वर वेगळी ओळ. ती ओळ रिलेकडून येत नाही, गेटवर बसवलेल्या चुंबकी सेन्सरकडून येते. दाबलं की आधी 'गेट उघडतंय', मग सेन्सरनं सांगितलं तरच 'गेट उघडलं'. पंचवीस सेकंदांत सेन्सर बोलला नाही तर 'गेट पूर्ण उघडलं नाही, बघून घ्या'. पाण्याच्या मोटरीला स्विच, पण सोबत वीस मिनिटांचा गजर. वेळ संपली की मोटर आपोआप बंद. आणि प्रत्येक ओळीखाली बारीक अक्षरात वेळ. बोर्डाचा निरोप पाच मिनिटं आला नाही की सगळी स्क्रीन राखाडी होते आणि वर लिहून येतं, 'घराशी संपर्क नाही, ही माहिती अमुक वाजताची'. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं तेव्हा गावभागातल्या त्या दादांचा फोन आला. म्हणाले, "राखाडी झालंय." एवढंच. पण या वेळी त्यांना मला विचारायला लागलं नाही.

सगळ्यात जास्त भांडलो आम्ही शब्दांवरून. पुतणीनं आधी सगळ्यांना एकच जोडी दिली, 'लावा' आणि 'बंद करा'. लाईट लावा म्हणजे चालू करा. गेट लावा म्हणजे? मिटा. एकाच स्क्रीनवर तोच शब्द एकीकडं सुरू करतोय, दुसरीकडं मिटतोय. 'बंद' तर त्याहून बिलंदर. दार बंद आहे, ही चांगली बातमी. सायरन बंद आहे, ही चांगली की वाईट? वाजत नाहीये, का बिघडलाय? एका आजोबांनी 'सायरन बंद' वाचून मला रविवारी दुपारी जेवणावरून उठवून बोलावलं होतं. आता तिथं 'सायरन शांत आहे' असं लिहितो, आणि खरंच बिघडला तर 'सायरन नादुरुस्त'. इंग्रजी ॲपं मराठीत आणणाऱ्यांनी एकदा तरी हे मोठ्यानं वाचून बघावं.

रंगाचंही तेच. माझ्या वायरमनच्या डोळ्याला पॅनेलवरचा लाल दिवा म्हणजे लाईन चालू, हात लावू नको. हिरवा म्हणजे लाईन तोडलेली, बिनधोक. घरातल्या माणसाला हिरवा म्हणजे चालू आणि लाल म्हणजे काहीतरी बिघडलं. आम्ही दोघं आपापल्या जागी बरोबर होतो, म्हणून रंगावर भरवसाच ठेवायचा नाही असं ठरलं. शब्द आधी, रंग मागून.

चुका आमच्याही झाल्या. एका ठिकाणी मी खर्च वाचवायला एक एचपीची मोटर थेट बोर्डावरच्या दहा अँपिअरच्या रिलेवर चालवली. चालू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. चार महिन्यांत रिलेचे पॉइंट चिकटले. ॲप म्हणतंय बंद, रिले म्हणतोय बंद, आणि गच्चीवरून पाण्याचा धबधबा. तासगावच्या बांधावर शिकलेलं मी घरात विसरलो होतो. आता मोटरीला जादा करंट पेलणारा मोठा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, आणि करंट मोजणारी कॉइल दोन्ही.

पण खरी घाबरगुंडी उडाली ती विट्याकडच्या एका बंगल्यात. रात्री पावणेतीनला लाईट आली आणि बंगल्याचं गेट आपोआप उघडलं. मालक कोइम्बतूरला. त्यांना 'गेट उघडलं' असा मेसेज गेला, त्यांनी घाबरून मला फोन केला, मी पुतणीला उठवलं. शेजाऱ्यांना बॅटरी घेऊन पाठवलं. चोर नव्हता, कोणीच नव्हतं. सकाळी सहाला पुतणीला दोष सापडला, आणि तो आमचाच होता. आमचे बोर्ड एमक्यूटीटी या पद्धतीनं बोलतात. यंत्रांनी कमी खर्चात एकमेकांना निरोप द्यायची ही पद्धत १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनींवर लक्ष ठेवण्यासाठी तयार झाली. तिच्यात एक सोय आहे. मधला सर्व्हर शेवटचा निरोप जपून ठेवतो आणि कोणीही नव्यानं जोडलं की आधी तो निरोप देतो. 'गेट मिटलेलं आहे' या निरोपाला ही सोय उत्तम. पण आम्ही ती चुकून 'गेट उघड' या हुकमालाही लावली होती. लाईट आली, बोर्ड जागा झाला, सर्व्हरनं आदल्या दुपारचा हुकूम इमानदारीत परत हातात ठेवला.

तेव्हापासून हुकूम जपून ठेवायचा नाही. प्रत्येक हुकमाला क्रमांक, म्हणजे तोच निरोप दोनदा आला तर दुसरा टाकून द्यायचा. नाहीतर नेटवर्क रखडलं की एकाच दाबण्याचे दोन झटके बसून गेट अर्ध्यात थांबतं. आणि दहा सेकंदांहून शिळा हुकूम बोर्डानं ऐकायचाच नाही. त्या मालकांनी पुढं वर्षभर गेटला आतून साखळी घातली होती. मी काही बोललो नाही.

सायरनच्या बटणाला 'नक्की का?' असा प्रश्न विचारायचा आम्ही सोडून दिला, कारण तो कोणी वाचत नाही, अंगठा सवयीनं 'हो' वर जातो. त्याऐवजी दोन सेकंद दाबून धरायचं. हे ठरलं आणि घरीच आपटलं. माझ्या आईचा हात थरथरतो. बोट जरा हललं की फोनला वाटायचं सरकवलं, आणि दाबणं मोडायचं. पुतणीनं आजीला शेजारी बसवून तीन संध्याकाळी ते बटण मोठं करत नेलं. गूगल बटणासाठी ज्या किमान मापाची शिफारस करतं ते साधारण नऊ मिलिमीटर भरतं. आमचं सायरनचं बटण त्याच्या तिप्पट आहे आणि बोट त्याच्या आत कितीही हललं तरी चालतं. मार्केट यार्डातल्या हळदीच्या गोदामात हेच मोठं बटण कामी आलं. तिथल्या माणसांची बोटं कोरडी आणि पुडीनं माखलेली असतात, बारीक बटण त्यांना दाद देत नाही.

पैशाचं विचाराल तर आजही बोर्ड विकला जातो, ॲप विकलं जात नाही. सर्व्हरचे वर्षाला बाराशे रुपये मागितले की लोक म्हणतात, बटणाचे कसले पैसे? आम्ही पाच माणसं आहोत, पुतणी आता पुन्हा पुण्यात आहे आणि शनिवारी येते. जुने मोबाईल स्टार्टरवाले एकोणीस शेतकरी अजून आहेत. त्यांना ॲप नको, त्यांना फोन लावून एक दाबायचं आहे.

सध्या दारांच्या कुलुपांचं काम चाललंय. दाराचा सेन्सर फक्त एवढंच सांगतो की दार चौकटीला टेकलंय. कुलूप पडलंय का, ते कुलपातला दुसरा सेन्सर सांगतो. म्हणजे मधली एक अवस्था येते, दार टेकलेलं आहे पण कुलूप नाही. तिला काय म्हणायचं? पुतणीनं 'बंद, कुलूप नाही' असं लिहिलं होतं, मी 'अर्धवट बंद' म्हणत होतो. दोन शनिवार त्यात गेले. आई भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "लोटलंय म्हणा की. दार लोटलंय."

परवाच्या आवृत्तीत तोच शब्द गेलाय. उघडं, लोटलंय, कुलूप लावलंय.