गेरू

दिवाळीआधी कुंड्यांना गेरू लावायचं काम आमच्या घरी माझ्याकडे असतं. पुढचे दोन दिवस नखांच्या कडा लाल राहतात आणि ऑफिसात कोणीतरी विचारतंच, ‘लग्न कुणाचं?’

यंदा पहिला हात वाळेपर्यंत मोबाइलवर कोरेज्जो या जुन्या इटालियन चित्रकाराची रेखाटनं बघत बसलो. याचं खरं नाव आन्तोनियो अल्लेग्री, पण ओळखतात गावाच्या नावाने. आपल्याकडे जन्मता तर कोरेज्जोकर झाला असता. इटलीतल्या पार्माच्या कॅथीड्रलच्या घुमटात त्याने १५२६ ते १५३० या काळात मेरीचं स्वर्गारोहण रंगवलं. तयारीला म्हणून त्याने लाल खडूने कितीतरी रेखाटनं केली.

हा खडू म्हणजे शाळेतला नव्हे. जमिनीतून काढलेली, लोखंडाच्या गंजाच्या रंगाची माती; तिच्या कांड्या कापायच्या. थोडक्यात, माझ्या बादलीत होता त्याचाच सख्खा भाऊ. कोकणात आणि गोव्यात देवळांच्या भिंतींवर काव थापून, ती कोरून खालचा पांढरा चुना उघडा करत देवादिकांची चित्रं काढत, तीही याच कुळातली. या मातीचा रंग मुळातच अंगाच्या कातडीजवळचा. हलकी रेघ ओढली की गाल, दाबून ओढली की गुडघ्यामागची सावली. टोक तासलं तर केसांची बट निघते, ओलं केलं तर रेघ गडद होते. पुसायला मात्र महाकठीण. आमच्या बाल्कनीच्या फरशीला विचारा.

त्या घुमटाची गंमत अशी, की बघणारा खाली उभा आणि स्वर्ग डोक्यावर. मग देवदूत दिसणार कसे? माळ्यावरचे डबे काढायला आई स्टुलावर चढायची तेव्हा मला ती जशी दिसायची, तसे. आधी टाचा, मग पोटऱ्या, मग साडीचा काठ, आणि फार वर कुठेतरी हनुवटीची खालची बाजू. कोरेज्जोने नेमकं तेच केलं. ढगांच्या कड्यांवर लोंबकळणारे पाय, पाय आणि पाय. मेरीसुद्धा त्या गर्दीत शोधावी लागते. हा तर बेडकांच्या तंगड्यांचा रस्सा, असं तिथल्या एका धर्मगुरूने म्हटल्याची गोष्ट सांगतात. मला हसू आलं, पण त्याचं फारसं चुकलं असंही वाटेना.

रेखाटनात मात्र ती गर्दी नाही. कागदावर एखादीच आकृती, खालून बघितलेली. ईव्हचं एक आहे, हात पुढे करून सफरचंद देणारी. घुमटात ती मेरीच्या जवळच आहे, पण तिथे तिला गाठायला मान मोडावी लागते. इथे मी दोन बोटांनी तिला मोठं केलं. तिरप्या रेघा एकमेकींना बिलगून खांद्याचा गोलवा होत होत्या.

फोन खाली ठेवला तर काचेवर सफरचंदाच्या जागी माझा अंगठा उमटलेला, लालभडक. तेवढ्यात आतून आवाज आला, ‘अरे, दुसरा हात कधी देणार?’