नंदवाळची वारी आणि रोपलावणीचा पैरा

आषाढीला पंढरपूरला का जात नाहीस, असं पुण्यातले मित्र सारखं विचारतात. अरे बाबांनो, आमच्या कोल्हापूरच्या पश्चिम भागात आषाढ म्हणजे गुडघाभर चिखल. तरणा पाऊस, म्हणजे पुनर्वसू नक्षत्राचा, लागलेला असतो, तरवा, म्हणजे भाताचं रोप, लावणीला आलेला असतो, आणि इथनं पायी पंढरपूर गाठायचं म्हणजे आठवडा तरी मोडतो, तेवढ्यात रोप जून झालं की वर्षाचा भात बोंबलला. म्हणून आमचा विठोबा नंदवाळला. करवीर तालुक्यातलंच गाव, शहरापासनं दहा-बारा किलोमीटर, प्रतिपंढरपूर म्हणतात. याला शॉर्टकट वारी म्हणून हसणारे पण आहेत, हसू देत, त्यांना रोप लावायचं नसतं.

एकादशीला सकाळी मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरातनं पालखी निघते. रंकाळा, साने गुरुजी वसाहत करत राधानगरी रोडला लागायचं. शहरात सेल्फीवाल्यांचीच गर्दी जास्त, आणि दर शंभर पावलांवर कोणतरी केळी, राजगिऱ्याचा लाडू नायतर साबुदाण्याची खिचडी हातावर ठेवतंय, उपास आहे का जेवणावळ तेच कळत नाही. पायात बहुतेकांच्या रबरी चपला. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं खरं, पण कातडं पाण्यात फुगतं, त्यामुळं खुद्द कोल्हापुरात ती पावसाळाभर माळ्यावर पडून असते.

वसाहत मागं पडली आणि खरी दिंडी सुरू झाली असं मला वाटतं, कारण तिथनं शेतकरी माणूस बोलायला लागतो. माझ्या शेजारी भोगावती नदीच्या पट्ट्यातले एक आबा आणि त्यांच्या मालकीणबाई चालत होत्या. आबांच्या गळ्यात टाळ, पण नजर सगळी रस्त्याकडच्या रानात. अभंग संपला रे संपला की सुरू, “ह्येच्या सऱ्या बघ पोरा, पाणी काढून दिलंच न्हाई, मुळ्या कुजत्यात आता.” पुढचा अभंग. तो संपला की दुसऱ्याच्या उसावर शेरा. मधेच मला म्हणाले, मोबाईलवर बघ जरा, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटावर आलंय. आमच्याकडं जुलैत नमस्काराच्या आधी हाच प्रश्न असतो. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे आकडे शाळेतल्या पोरालाही पाठ. 2019 च्या आणि परत 2021 च्या महापुरात आबांचा नदीकाठचा ऊस पाण्याखाली गेलेला, शेंड्यात गाळ बसला की ऊस आतनं कुजतो, वरनं हिरवा दिसला तरी काय उपयोग नाही. हे सांगताना आवाज अजिबात चढला नाही त्यांचा, टाळ तेवढा थोडा वेळ गप्प होता.

पाऊस वाढला तसं सगळ्यांनी प्लास्टिकचे कागद काढले. आबांच्या मालकीणबाई, म्हणजे आज्जी म्हणाल्या, “आमचा बा घरात इरलं विणायचा.” बांबूच्या कामट्या, त्यात पानं दाबून बसवलेली, डोक्यापासनं कमरेखालपर्यंत. वाकून रोप लावताना पाठ कोरडी आणि दोन्ही हात मोकळे, हा त्यातला खरा गुण. युरियाच्या पोत्याची खोळ वाऱ्यानं उडते, ती सावरायलाच एक हात जातो. आता इरलं बघायला म्युझियमात जायला लागेल, आणि तिथं पण ते भिंतीवर टांगलेलं असणार, म्हणजे वाकल्यावर कसं बसतं ते कळणारच नाही.

पुईखडीच्या माळावर रिंगण. पताकावाले पळाले, तुळशी घेतलेल्या बायका पळाल्या, विणेकरी पळाले आणि मग घोडा सुटला. ओल्या मातीत त्याच्या टापांचा आवाज येत नाही, नुसते चिखलाचे गोळे उडतात. घोडा फिरून थांबला की लोक टापाखालची माती कपाळाला लावायला तुटून पडतात. आज्जींनी कपाळाला लावलीच, पण चिमूटभर जास्तीची घेऊन पदराच्या टोकाला गाठ मारली. कशाला विचारलं तर म्हणाल्या, “तरव्याला.” इकडं पोरं रीळ काढत होती.

पुढं वाशीकडं जाताना मातीच्या बैलांचा विषय निघाला, कारण एकादशी झाली की मागोमाग बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण. आबांच्या गोठ्यात आता एक म्हैस आणि दारात पॉवर टिलर, तरी कुंभाराकडनं मातीची जोडी येतेच, पुरणपोळीचा निवद तिला, मग टिलरला हळदकुंकू. नातू म्हणतो, मातीच्या बैलापेक्षा टिलरच देव्हाऱ्यात ठेवा.

नंदवाळला दर्शनाची रांग लांबच लांब, आणि मला विचाराल तर वारीतली सगळ्यात कामाची जागा तीच. कारण तिथं पैरे ठरतात. मजुरी परवडत नाही, माणूस मिळत नाही, मग आज तुमच्यात आम्ही राबायचं, उद्या आमच्यात तुम्ही, पैशाचा व्यवहार नाही. पुढं उभ्या असलेल्या शेजारच्या गावच्या बायकांशी आज्जींनी विठ्ठल दिसायच्या आधीच सगळं जुळवलं. बारस सोडून परवा ह्यांच्यात, तेरवा त्यांच्यात, चिखल करायला टिलर आबांचा, डिझेल ज्याचं त्याचं. एक बाई कमी पडत होती. आज्जींनी माझ्याकडं वरनं खाली बघितलं.

“येतोस का रं? वाकता येतंय न्हवं?”

मी ऑफिसचं कारण सांगितलं. “ऱ्हाऊ दे मग,” म्हणून त्यांनी मागच्या बाईला विचारलं.