आमची वाटचाल : वहीची मागची पानं

आमचा बाइंडिंगचा व्यवसाय म्हणजे एक खोली, एक दाबयंत्र, एक हातकटर आणि आम्ही तिघं. सुरुवात झाली ती गाऱ्हाण्यांच्या वहीतून.

त्याआधी अकरा वर्षं मी एका छापखान्यात हिशेब बघायचो. माणसं कमी पडली की मला बाइंडिंगला बसवायचे. घड्या घाला, फर्मे म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे जुळवा, दोरा भरा. ते काम मला मनापासून आवडायचं आणि नेमकं तेच मी कुणाला सांगायचो नाही. हिशेबनिसानं सरसाचे हात घेऊन घरी जायचं, यात कमीपणा वाटायचा. सांगायचो ती फक्त गाऱ्हाणी. पगार उशिरा, जागरणं, बाइंडिंगच्या काकांचं खेकसणं. घरचे ऐकून कंटाळले तेव्हा वहीच्या मागच्या पानांवर लिहायला लागलो. म्हटलं, राजीनामा देताना कामाला येईल.

राजीनामा लिहायला बसलो त्या रात्री वही काढली. एका पानावर होतं, ‘काकांनी सहा फर्म्यांची शिवण उसवायला लावली.’ थोडं खाली, ‘आज परत उसवायला लावली.’ पुढच्या पानांवर तशी नोंद दिसेना. मागेपुढे चाळलं. नव्हतीच. म्हणजे मधे कधीतरी मला जुजबंदी, फर्मे दोऱ्यानं शिवायचं काम, यायला लागली होती आणि त्या दिवशी मी वहीत काहीच लिहिलं नव्हतं. अकरा वर्षं खात्याची एकच बाजू भरत बसलो होतो. हिशेबनिसाला याची लाज वाटायला हवी. दुसरी बाजू लिहून काढली तर पान पुरेना. धाडस वगैरे त्या रात्री आलं असं म्हणवत नाही. हातात काय आहे ते कळलं, आणि तेवढ्यावर सुरुवात होईल असं दिसलं.

उशिरा होणाऱ्या पगाराबद्दल मात्र आभार मानायचं कारण मला अजूनही सापडलेलं नाही.

पुढे एकदा वाचनात आलं की रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलो यांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला आभार मानावेत अशा गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या आणि दुसऱ्याला कटकटी. मी दुसऱ्या गटातला, तोही स्वखुशीनं.

निघताना काकांच्या पाया पडलो. म्हणाले, “उपकार-बिपकार राहू दे. दोरा ताणून शिवत जा.”

पहिलं मोठं काम २०० वह्यांचं. सगळ्या बिघडल्या. सरस लागताच पानांना पाठीपाशी लाटा आल्या. कागदातले तंतू ओलाव्यानं लांबीत फारसे वाढत नाहीत, रुंदीत फुगतात. त्यामुळे ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, पाठीला समांतरच हवा. आम्ही कागद वाचवायच्या नादात तो आडवा कापला होता. मी सवयीप्रमाणे कागदवाल्याला शिव्या घालायला सुरुवात केली आणि अर्ध्यात थांबलो, कारण कापणारा मीच होतो. सगळ्या वह्या नव्यानं केल्या. गिऱ्हाईक थांबलं, हे त्याचं मोठेपण. तो आजही आमच्याकडे येतो. आता कागद आला की आधी दोन्ही बाजूंनी वाकवून बघतो. ज्या बाजूनं सहज वाकतो, ती वाकणारी रेघ पाठीला समांतर ठेवायची.

हल्ली जुनी पुस्तकं जास्त येतात. बहुतेकांना कुणीतरी मायेनं चिकटपट्टी लावलेली असते, आणि तिच्या डिंकानंच पान पिवळं पडलेलं असतं. एकेक पट्टी सोडवायला कधी अर्धा दिवस जातो. त्या जागी पातळ कागद खळीनं लावतो, म्हणजे पुढच्या माणसाला पाण्यानं सोडवता येईल. या कामात पैसा कमी, पण ते मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

मागे काका येऊन गेले. खुर्ची दिली, बसले नाहीत. टेबलावरचं शिवून ठेवलेलं पुस्तक उचललं, पाठीवरून अंगठा फिरवला, शेवटच्या फर्म्यापाशी थांबले.

“गाठ सैल आहे.”

ते जायच्या आत मी ती उसवायला घेतली.